‘काय केले?’ याआधी ‘कोण आहे?’ : १८७१ ते १८८४, तीन आरोपी आणि एक सवय

१/२२
न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, असे शाळेपासून शिकवले जाते. १८७१ ते १८८४ या तेरा वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानातील फौजदारी न्यायाने ही पट्टी किती वेळा सरकवून पाहिले, त्याची ही कहाणी. आरोपी तीन : एक गोरा वकील, एक विधवा आणि काही संपूर्ण जमाती. तिघांच्याही बाबतीत ‘काय केले?’ हा प्रश्न नंतर आला. ‘कोण आहे?’ हा प्रश्न आधी आला आणि निकाल बहुतांशी तिथेच लागला.

२/२२
आग्रा, १८७६. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाला रविवारी सहकुटुंब चर्चला जायचे होते. घोडागाडी वेळेवर दारात आली नाही. संतापलेल्या फुलरने कटवारू नावाच्या आपल्या मोतद्दाराला मारले आणि केस धरून ओढले. कटवारू पडला, उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तिथेच मरण पावला. खटला इंग्रज दंडाधिकारी लीड्स यांच्यापुढे चालला. शिक्षा : तीस रुपये दंड, न भरल्यास पंधरा दिवसांची साधी कैद.

३/२२
मृत्यूचे वैद्यकीय कारण सांगितले गेले : प्लीहा फुटली. हा शब्द त्या काळच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा भेटतो. हिवतापाने ग्रासलेल्या प्रदेशात गरिबांची प्लीहा सुजलेली असे, हे वैद्यकीय दृष्ट्या खरेच होते. पण न्यायालयात त्याचा अर्थ उलटा लावला जाई. मारणाऱ्याचा हात जड नव्हता, मरणाऱ्याचे शरीर कमजोर होते! माणूस गुद्द्याने नव्हे, स्वतःच्या आजाराने मेला. गोऱ्या आरोपीचा गुन्हा अशा रीतीने अपघात ठरे आणि काळ्या माणसाचे शरीरच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राही.

४/२२
या निकालाने व्हाइसरॉय लॉर्ड लिटनही अस्वस्थ झाले. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा आणणारे लिटन काही हिंदी जनतेचे कैवारी नव्हते. तरी त्यांनी या निकालावर सरकारी टिपण काढून उघड नापसंती नोंदवली आणि लीड्स यांची बढती काही काळ रोखली. त्यावर गोऱ्या समाजात संतापाची लाट उसळली. संताप कटवारूच्या मृत्यूबद्दल नव्हता, गोऱ्या न्यायाधीशाला जाब विचारला गेला याबद्दल होता.

५/२२
लीड्स हे एकटे दोषी नव्हते. कायद्याची रचनाच तशी होती. १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार मुंबई, कलकत्ता, मद्रास ही इलाखा-शहरे वगळता मुलखात कुठेही युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर खटला चालवण्याचा अधिकार फक्त युरोपीय दंडाधिकाऱ्याला वा न्यायाधीशाला होता. हिंदी माणूस विलायतेला जाऊन, तीच परीक्षा उत्तीर्ण होऊन, त्याच पदावर बसला तरी गोरा आरोपी त्याच्या अधिकाराबाहेर राही. कायदा एक, खुर्ची एक, मात्र आरोपीचा वर्ण पाहून खुर्चीची उंची बदले.

६/२२
आता दुसरा आरोपी. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ संमत झाला. एखादी जमात, टोळी वा समूह ‘पद्धतशीरपणे बिगर-जामिनी गुन्हे करण्याच्या नादी’ आहे असे सरकारला वाटले, की ती गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करता येई. मग तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द सोडायची नाही. सोडली तर वॉरंटशिवाय अटक, तुरुंगवास आणि फटके.

७/२२
या कायद्यातील सर्वांत धक्कादायक तरतूद हजेरीची नव्हती. जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे कायद्यातच लिहिले होते. म्हणजे आरोप सरकारचा, पुरावा सरकारचा, निवाडाही सरकारचा, आणि अपिलाला जागा नाही. फुलरला वकील होता, न्यायालय होते, वैद्यकीय साक्ष होती. या माणसांना खटलाच नव्हता. एखादे मूल नोंदलेल्या घरात जन्माला आले, एवढेच त्याचे कृत्य.

८/२२
कायद्यामागचा युक्तिवाद असा : हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तर चोराचा मुलगा चोर का होणार नाही? जातिव्यवस्थेचे हे तर्कशास्त्र इंग्रजांना इथेच तयार मिळाले. जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ठरवण्याची रीत येथील वरिष्ठ वर्गाला शतकानुशतके परिचित होती. परक्या सत्तेने तिला छापील अर्ज, शिक्का आणि पोलीस दिले. गुन्हेगार जमाती कायदा हे केवळ साम्राज्याचे पाप नाही. ते साम्राज्य आणि जातिव्यवस्था यांचे संयुक्त अपत्य आहे.

९/२२
‘पण यांतील काही लोक खरोखर चोऱ्या करीत, त्याचे काय?’ हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. उत्तर कायद्याच्या पुस्तकातच सापडते. भारतीय दंड संहिता १८६० साली संमत होऊन १८६२ पासून लागू झाली होती. चोरी, दरोडा, चोरीचा माल बाळगणे, सगळ्यांची कलमे तिच्यात होती. ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्याला शिक्षा करायला ती पुरेशी होती. १८७१ चा कायदा लागला तो ज्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता अशा माणसांसाठी.

१०/२२
ही माणसे त्या अवस्थेला का आली, हेही पाहिले पाहिजे. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या दोन दशकांत लोहमार्ग देशभर पसरले. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांसारख्या समाजांचा व्यवसाय रुळांखाली गेला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी शिकार, लाकूड, चराई यांवर पहारा बसवला. आधी पोटाचे साधन काढून घ्यायचे, मग भटकणाऱ्याला ‘याचा धंदा काय?’ असे विचारायचे आणि उत्तर नसल्याबद्दल त्याला नोंदवहीत घालायचे, असा हा क्रम होता.

११/२२
याच कायद्याचा दुसरा भाग सहसा कोणी वाचत नाही. तो तृतीयपंथीयांविषयी आहे. त्यांची स्वतंत्र नोंदवही आणि त्यांच्या मालमत्तेची यादी करायची. सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश केला, नाचगाणे केले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. दत्तक घ्यायला, मृत्युपत्र करायला, अज्ञान मुलाचे पालक व्हायला मनाई. एका भागात गुन्हा जन्मात शोधला, दुसऱ्या भागात लुगड्यात. दोन्हींना एकाच कायद्याच्या पोटात ठेवताना कायदेमंडळाला काही विसंगत वाटले नाही, कारण तर्क एकच होता : काही माणसांचे असणे हाच अपराध.

१२/२२
तिसरा आरोपी : विजयालक्ष्मी, सुरतेकडील तरुण ब्राह्मण विधवा. वैधव्यात गर्भ राहिला आणि लोकलज्जेच्या भयाने तिने नवजात मुलाला मारले. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात उच्च न्यायालयाने फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि पुढे सरकारने ती पाच वर्षांवर आणली. मूल मारले गेले हे खरे आणि ते भयंकर, यात शंका नाही. पण या खटल्यात एक माणूस पूर्णपणे गैरहजर आहे : त्या मुलाचा बाप.

१३/२२
बाप गैरहजर होता, कारण कायद्याला त्याची गरजच नव्हती. स्त्रीचे शरीर लपत नाही, म्हणून पुरावा तिच्याच देहावर. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण समाजाच्या बहिष्कारापुढे तो कागदावरच राहिला. पुण्यात काशीबाई नावाच्या स्वयंपाकीण विधवेला अशाच अपराधासाठी काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जोतीराव फुले यांनी १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर दिलेल्या अभिप्रायात तिची हकिकत आणि तिला फसवणाऱ्या शास्त्र्याचा उल्लेख, दोन्ही नोंदवले आहेत. शास्त्रीबोवांवर खटला नाही.

१४/२२
जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेने यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे. गुन्हा कसा रोखायचा याविषयी एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात सुचलेला हा कदाचित सर्वांत शहाणा विचार असेल. सरकारने गुन्हेगाराला शिक्षा दिली. फुले दांपत्याने गुन्ह्याचे कारण ओळखून दार उघडले. शिक्षेपेक्षा दाराने अधिक जीव वाचतात, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

१५/२२
विजयालक्ष्मीच्या खटल्यावर वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या नैतिक अधःपाताची चर्चा रंगली. तिला उत्तर बुलढाण्याहून आले. १८८२ साली ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापला गेला. ज्या दुर्गुणांसाठी बाईला फासावर चढवता ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय, हा त्या निबंधाचा गाभा. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे पाहण्याची दृष्टी ताराबाईंनी मराठीला दिली. समाजाने त्यांना मौनाने उत्तर दिले. दुसरे पुस्तक त्यांच्या नावावर नाही.

१६/२२
इथे एक भेद विसरता कामा नये. विजयालक्ष्मीची शिक्षा कमी झाली, तिच्यावर लेख लिहिले गेले, तिचे नाव आज ठाऊक आहे. गुन्हेगार जमातींच्या नोंदवहीत चढलेल्या बायकांची नावे कोणाला आठवतात? स्त्री म्हणून दोघींवर अन्याय झाला, पण एकीच्या बाजूने बोलायला निदान छापखाना होता. लिंग, जात आणि वर्ग हे तीन वेगळे अन्याय नाहीत. ते एकमेकांत विणलेले असतात आणि सर्वांत खालच्या धाग्यावर सर्वांचा भार पडतो.

१७/२२
आता पुन्हा पहिल्या आरोपीकडे. फेब्रुवारी १८८३ मध्ये व्हाइसरॉय रिपन यांच्या कारकिर्दीत विधी सदस्य कोर्टनी इल्बर्ट यांनी विधेयक मांडले : मुलखातील पात्र हिंदी न्यायाधीशांनाही युरोपीय आरोपींवर खटला चालवता यावा. बिहारीलाल गुप्ता या हिंदी मुलकी अधिकाऱ्याने आदल्या वर्षी या विषमतेकडे सरकारचे लक्ष वेधले होते. विधेयकाविरुद्ध निळीचे आणि चहाचे मळेवाले, व्यापारी, वकील असे सारे गोरे एकवटले आणि निधी गोळा करून त्यांनी स्वतंत्र संघटना उभारली.

१८/२२
विरोधासाठी पुढे केले गेले ते गोऱ्या स्त्रीच्या अब्रूचे कारण. जे हिंदी पुरुष स्वतःच्या बायकांना पडद्यात ठेवतात, ते आमच्या स्त्रियांना काय न्याय देणार, असा सूर लागला. स्वतः स्त्रीशिक्षणासाठी बंगालमध्ये झटलेल्या ॲनेट बेव्हरिज यांनीही त्या सुरात पत्र लिहिले. मळ्यावरील मजुरीण आणि तिचा मालक यांच्या खटल्यात मजुरिणीच्या अब्रूचे काय, हे मात्र कोणी विचारले नाही. स्त्रीसन्मानाचा शब्द वर्णवर्चस्वाची ढाल म्हणून कसा वापरतात, याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावे.

१९/२२
अखेर जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली. हिंदी न्यायाधीशाला अधिकार मिळाला, पण गोऱ्या आरोपीला निम्मे युरोपीय किंवा अमेरिकन सदस्य असलेली ज्यूरी मागण्याचा हक्कही मिळाला. फौजदारी प्रक्रियेतील वर्णभेद १९२३ मध्ये बराचसा कमी झाला आणि पुरता गेला तो १९४९ च्या कायद्याने. शिकलेल्या हिंदी वर्गाला हा अपमान झोंबला आणि दोन वर्षांत उभ्या राहिलेल्या काँग्रेसमागे ही जखम होती. परंतु १८७१ च्या कायद्याविरुद्ध त्या प्रमाणात संताप कधी उमटला नाही. स्वतःचा अपमान दिसला, शेजारच्या पालातील हजेरी दिसली नाही.

२०/२२
१९११ च्या सुधारित कायद्याने ही हजेरी मुंबई इलाख्यातही आली. बोटांचे ठसे घेणे, वसाहतीत डांबणे, मुलांना आईबापांपासून वेगळे करणे, सारे कायदेशीर झाले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली आणि कुंपणातील माणसे गिरण्यांना मजूर म्हणून मिळाली. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरकरांच्या बोलण्यातून आजही गेलेला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगार कायदा आला. त्यात जमातीऐवजी व्यक्तीचे नाव आले, तरी पोलीस ठाण्याची नजर जुन्याच वस्त्यांवर राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने स्वातंत्र्यानंतरची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

२१/२२
ज्यांना हा सारा जुना इतिहास वाटतो, त्यांनी एक निकाल पाहावा. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि पाच हत्या असा अमानुष गुन्हा घडला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. वाचलेल्या महिला साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. भटक्या, गरीब माणसांना खोटे गोवले गेल्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली आणि राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. सोळा वर्षे गेली. ज्यांच्यावर हा अत्याचार झाला त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही. ‘कोण आहे?’ हा प्रश्न आधी विचारला की खरा गुन्हेगार मोकळा राहतो, ही या सवयीची दुसरी किंमत.

२२/२२
३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना मनमानी अटकेपासून जपण्याचे निर्देश दिले. म्हणजे गणराज्याच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत तो रकाना होता! २०२२ अखेर देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन जण खटला न संपलेले, कायद्याच्या दृष्टीने निर्दोषच होते. जामिनाची रक्कम आणि चांगला वकील ज्याला परवडतो तो त्यांत सहसा नसतो.
कायदे रद्द करता येतात, सवय रद्द करायला अधिसूचना पुरत नाही. ती सवय न्यायालयात आहे, ठाण्यात आहे आणि ‘अमुक जमातीची टोळी जेरबंद’ या मथळ्यावर क्षणभरही न अडखळणाऱ्या वाचकातही आहे. पुढच्या वेळी असा मथळा दिसला, की एवढेच विचारावे : गुन्ह्याच्या बातमीत जमातीचे नाव कशासाठी? आरोपी वरच्या जातीचा असता, तर ते छापले असते काय? कटवारू, विजयालक्ष्मी आणि नोंदवहीतील अनामिक माणसे यांचे ऋण थोडे तरी फेडायचे असेल, तर ‘कोण आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी ‘काय घडले?’ हे विचारायला शिकावे लागेल.